एका वाक्याचे रसग्रहण

वाङ्मयाच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाला एक खोड लागते. त्याच्या हाती औषधाच्या बाटलीवरचा मजकूर आला तरी तो आधी त्यातले क्रियापद शोधतो. मलाही ती खोड आहे. म्हणूनच संपादकांनी ‘टीकालेख द्या, पण घरातल्या थोरामोठ्यांपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत सर्वांना वाचता येईल असा द्या’ अशी अट घातली तेव्हा मी कादंबऱ्यांच्या किंवा कवितासंग्रहांच्या कपाटाकडे न जाता एका वाक्याकडे वळलो. हे वाक्य कोणा साहित्यिकाचे नाही, ब्रिटनच्या एका अर्थमंत्र्याचे आहे. पण वाक्य घडविण्याची कला फक्त साहित्यिकांनाच असते असे कोणी सांगितले?

६ डिसेंबर २०१७ रोजी हे वाक्य उच्चारले गेले. अर्थमंत्री होते हुजूर पक्षाचे फिलिप हॅमंड. स्थळ, कॉमन्स सभागृहाच्या अर्थविषयक समितीची बैठक. मजूर पक्षाच्या जॉन मान या सभासदाने देशाच्या उत्पादकतेविषयी प्रश्न केला. प्रश्न अवघड जागेवरचाच होता. उत्पादकता म्हणजे, सोप्या भाषेत, माणसाच्या एका तासाच्या श्रमातून किती मोलाचे काम निघाले त्याचे माप. २००८ च्या आर्थिक अरिष्टापूर्वी ब्रिटनमध्ये हे माप वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी वाढत असे. त्यानंतरच्या दहा वर्षांत ते जवळजवळ जागच्या जागी थबकले. खुद्द हॅमंडसाहेबांनीच २०१६ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटला सांगितले होते की, ब्रिटिश कामगाराला जे करायला पाच दिवस लागतात ते जर्मन कामगार चार दिवसांत करतो. अशा परिस्थितीत ‘असे का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

साहेबांच्या उत्तराचा आशय असा : कामकऱ्यांच्या संख्येत झालेली वाढ, तीत काठावरच्या गटांचा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा सहभाग, उदाहरणार्थ अपंगांचा, ज्याचा आपण अतिशय अभिमान बाळगला पाहिजे, यांचा उत्पादकतेच्या एकंदर मोजमापावर परिणाम झाला असावा, हे जवळजवळ निश्चित आहे.

वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. त्याची रचना सुंदर आहे. ‘जवळजवळ निश्चित’ हे एक टोक आणि ‘झाला असावा’ हे दुसरे. इंग्रजी मुळात ही दोन टोके वाक्याच्या आरंभाला आणि शेवटाला आहेत. म्हणजे साहेब निश्चयाच्या पायऱ्यांनी चढले आणि संशयाच्या पायऱ्यांनी उतरले. काय निश्चित आहे? तर कदाचित काही घडले असावे, हे! आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने निबंधात असे लिहिले असते तर मी समासात तांबडी रेघ ओढली असती. पण मंत्र्यांच्या वाक्यात ही चूक नसते, ती सोय असते. कोणी अंगावर धावून आलेच तर ‘असावा’कडे बोट दाखवता येते; आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘निश्चित’च राहून जाते.

आता मधला अभिमान पाहा. अपंगांना काम मिळाले याचा अभिमान हे एक विधान. त्यांच्यामुळे आकडा घसरला हे दुसरे. पहिले दुसऱ्याच्या पोटात बसवले आहे. लग्नघरात एखादी मावशी ‘मुलगी गुणाची हो, फक्त...’ म्हणते त्यातलाच हा प्रकार. गुण खरे असतील, पण सगळे घर ऐकते ते ‘फक्त’च्या पुढचे. अलीकडे आपण मराठीतही ‘अपंग’ सोडून ‘दिव्यांग’ म्हणायला शिकलो आहोत. शब्दाला मखर घातले की आतल्या माणसाची व्यवस्था झाली, असा एक समज त्यामागे कधीकधी असतो. विलायतेतला अभिमान त्याच जातीचा.

तिसरी गोष्ट, ‘काठावरचे गट’. अर्थशास्त्रात ‘सीमांत’ हा एक निरुपद्रवी पारिभाषिक शब्द आहे. शेवटी कामावर घेतलेल्या कामगारापासून मिळणारे उत्पादन ते सीमांत उत्पादन. मग तो कामगार कोणीही असो, उद्या मी असेन, परवा अर्थमंत्री. परंतु माणसांच्या एका गटालाच ते विशेषण कायमचे चिकटवले की शास्त्र संपते आणि पंगत सुरू होते. मध्यभागी कोण बसायचे आणि काठाला कोणी, हे पाने मांडतानाच ठरलेले असते.

अपंगांच्या संस्थांनी या वाक्याचा निषेध केला, विरोधी पक्षाने क्षमायाचनेची मागणी केली, आणि मंत्र्यांच्या बाजूने सांगण्यात आले की त्यांनी कोणाला दोष दिलाच नव्हता. हा खुलासा अगदीच टाकाऊ नाही. ते ‘उत्पादकता’ म्हणाले नाहीत, ‘उत्पादकतेचे मोजमाप’ म्हणाले, आणि या दोहोंत फरक आहे. घरात बाळ जन्माला आले की घरातल्या माणसांचे सरासरी वजन एकदम खाली येते. कोणीही वाळलेले नसते. उलट घर भरलेले असते. म्हणून कोणी बारशाच्या दिवशी पाळण्याकडे पाहून उसासा टाकत नाही. (अपंग म्हणजे बाळ, असा अर्थ कृपा करून काढू नये. ती उपमा गणिताची आहे, माणसांची नाही.) तेव्हा सरासरीपेक्षा कमी कमावणारे लोक नव्याने कामाला लागले तर सरासरी घसरते, आणि तरीही देश अधिक श्रीमंत होतो. एवढेच म्हणायचे असते तर साहेबांशी भांडण नव्हते.

पण मग पाटीपेन्सिल घेऊन हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब त्या बैठकीत मांडला गेला नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा कामावर असलेली माणसे सुमारे ३ कोटी २० लाख. त्याआधीच्या तीन-चार वर्षांत कामावरच्या अपंगांची संख्या सरकारच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे ६ लाखांनी वाढली. आता आपण मंत्रिमहोदयांच्या बाजूने जितके झुकता येईल तितके झुकू. समजा, हे सहाही लाख लोक नवखे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण सरासरी कामगाराच्या निम्मेच काम करतो. दुसरे गृहीत अन्यायाचे आहे. पहिलेही खरे नाही, कारण पाहणीत अपंगत्व माणूस स्वतःच सांगतो, आणि पूर्वीपासून नोकरीत असलेला, पण आता आपल्या आजाराविषयी मोकळेपणाने बोलू लागलेला माणूसही त्या आकड्यात येतो. तरीही चालू द्या. सरासरी किती घसरेल? शेकडा एकाच्याही आत. आणि २००८ पूर्वीची चाल कायम राहिली असती तर उत्पादकता जिथे असती, तिथून ती २०१७ साली शेकडा पंधराहून अधिक खाली होती. विहिरीचे पाणी पंधरा हात खाली गेले आहे, आणि पाटील सांगतात की एका भिस्त्याने काल पखाल भरून नेली!

पाणी कुठे गेले याविषयी अर्थशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. परंतु संशयितांची यादी बरीच मोठी आहे. २००८ पूर्वी ज्या धंद्याची उत्पादकता आकाशाला भिडली होती तो बँका-पेढ्यांचा धंदा. अरिष्टानंतर तोच कोसळला. (हे अरिष्ट ज्यांनी आणले त्यांचे हातपाय, डोळे, कान सर्व शाबूत होते, एवढी नोंद येथे करून ठेवतो.) उत्तर समुद्रातले तेल आटत चालले. यंत्रांवर आणि इमारतींवर खर्च करण्यात ब्रिटन त्याच्या बरोबरीच्या श्रीमंत राष्ट्रांत वर्षानुवर्षे तळाशी राहिले. बँक ऑफ इंग्लंडचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ अँडी हाल्डेन यांनी त्याच २०१७ साली दाखवून दिले की, मूठभर कारखाने जगाच्या पुढे आहेत आणि त्यांच्यामागे रेंगाळणाऱ्यांची शेपटी फार लांब आहे. एक उदाहरण तर तिकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असेल : मोटारी धुण्याची स्वयंचलित यंत्रे कमी होत गेली आणि बादली-फडके घेऊन हातांनी मोटारी धुणारी दुकाने रस्तोरस्ती उभी राहिली. मजूर स्वस्त मिळतो तोवर यंत्रात पैसा कोण घालणार? ते फडके मारणारे हात धडधाकट आहेत. तरी प्रत्येक तासाचे मोल यंत्राच्या मानाने कमीच भरते, कारण मोल एकट्या हाताचे नसते. हातात काय दिले आहे त्याचेही असते.

ही गोष्ट ज्याला कोणी भावनाप्रधान म्हणणार नाही अशा एका माणसाने फार पूर्वी लिहून ठेवली आहे. अमेरिकेतले मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांचे आत्मकथन १९२२ साली निघाले. त्यात ते सांगतात की कारखान्यातल्या ७,८८२ निरनिराळ्या कामांची त्यांनी छाननी करवली. त्यांतली ६७० कामे दोन्ही पाय नसलेल्यांना करता येण्याजोगी निघाली, २,६३७ एका पायाच्या माणसांना, ७१५ एका हाताच्या, १० आंधळ्यांना, आणि दोन तर दोन्ही हात नसलेल्यांनाही. त्यांच्याकडे तेव्हा शारीरिक व्यंग असलेली ९,५६३ माणसे कामावर होती, असेही ते लिहितात. एका आंधळ्या माणसाला नट-बोल्ट मोजण्याच्या खात्यात नेमले. दोन दिवसांत मुकादमाची चिठ्ठी आली की तिथली दोन डोळस माणसे दुसरीकडे न्यावीत, कारण हा एकटाच तिघांचे काम करतो. गोष्ट मालकाने स्वतःच्या पुस्तकात सांगितलेली आहे, तेव्हा चिमूटभर मीठ घालून वाचावी. माणसांची यादी त्यांच्या नसलेल्या अवयवांवरून करणारी ही दृष्टी मला आवडते असेही नाही. परंतु उत्पादकतेचे तीर्थक्षेत्र म्हणून जग ज्या कारखान्याकडे बोट दाखवी, त्याच्या धन्याला हे लोक सरासरी बिघडवणारे वाटले नाहीत, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याने माणूस बदलायचा खटाटोप केला नाही. कामाची यादी केली.

ब्रिटनलाही हे एके काळी कळले होते. दुसऱ्या महायुद्धात माणसांचा तुटवडा पडला तेव्हा ‘काठावरचे’ लोक कारखान्यांत हवेसे झाले. १९४४ च्या कायद्याने वीस किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक मालकावर शेकडा तीन अपंग नेमण्याचे बंधन आले. पुढच्या वर्षी रेम्प्लॉय ही सरकारी कंपनी निघाली आणि तिचे कारखाने देशभर उभे राहिले. याच कायद्याखाली दोन कामे केवळ अपंगांसाठी राखून ठेवण्यात आली : लिफ्ट चालवणे आणि मोटारतळावर उभे राहणे. राष्ट्राच्या कल्पनाशक्तीची धाव एवढीच! शेकडा तीनचा नियम बहुतेक मालकांनी कधी मनावर घेतला नाही, १९९५ च्या कायद्याने तो रद्द झाला, आणि रेम्प्लॉयचे शेवटचे कारखाने २०१३ साली बंद पडले.

मंत्र्यांच्या या वाक्याला माझ्या मते इंग्रजी वाङ्मयात एक वंशावळ आहे, आणि या लेखाचे खरे निमित्त तेच. दिवाळी आली की आपल्याकडे जसे विशेषांक निघतात तशी इंग्रजांकडे नाताळची पुस्तके निघत. त्या परंपरेतली सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’, १८४३ सालची. तिच्यातला कुबडी घेतलेला टायनी टिम मी वर्गात कितीदा शिकवला असेन! कंजूष स्क्रूज गरिबांविषयी बोलताना जादा झालेल्या लोकसंख्येची भाषा बोलतो. पुढे टिमची अवस्था पाहून तो कळवळतो तेव्हा नाताळचे भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकते. प्रसंग बिनतोड आहे. तो शिकवताना वर्गातल्या मुली डोळे पुसत, आणि मीही चष्मा पुसण्याचे निमित्त करी. परंतु टिम या गोष्टीत काय करतो? तो गोड बोलतो, बापाच्या खांद्यावर बसतो आणि आपल्याला रडवतो. काम तो करीत नाही; करण्याचे त्याचे वयही नाही. अपंग माणूस म्हणजे आपल्या दयेची परीक्षा पाहायला आलेला पाहुणा, ही समजूत या लाडक्या मुलाने पावणेदोनशे वर्षे जगभर पोसली. अभिमानाने डोळे भरून आलेला अर्थमंत्री याच पंथातला. पाहुण्याला जेवू घालण्यात आनंद असतो, मात्र खर्चाच्या वहीत तो पाहुणा म्हणूनच लिहिला जातो.

त्याच डिकन्सने वीस वर्षांनी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत जेनी रेन ही मुलगी उभी केली. तिला मात्र कोणी विचारत नाही. परीक्षेत टिमवर टिपा लिहिणारे शेकडो विद्यार्थी मी तपासले. आपणहून जेनीचे नाव काढणारा एकही भेटला नाही. जेनीची पाठ वाकलेली आहे, पायांत बळ नाही, चालताना काठी लागते. वयाने ती पोरच. आणि ती बाहुल्यांची शिंपीण आहे. दारुड्या बापाला ती पोसते, त्याला रागावते, आपले वाईट वळणाचे पोर म्हणूनच त्याला वागवते. घराची कर्ती तीच. तिच्या धंद्याची तऱ्हा डिकन्सने मोठ्या मौजेने सांगितली आहे : मोठमोठ्या मेजवान्यांच्या दाराशी ती थंडीत उभी राहते, गाडीतून उतरणाऱ्या सरदारणींचे कपडे एका नजरेत मापून घेते, घरी धावत येऊन बाहुलीसाठी कापड बेतते, आणि पुन्हा जाऊन ताडून पाहते. त्या बायांना पत्ताही नसतो की आपण एका वाकलेल्या पोरीसाठी कपडे घालून दाखवतो आहोत. चिंध्यांतून माल, नजरेतून माप, रात्रीतून दिवस! दर तासाला किती मोलाचे काम, हे जेनीला विचारावे.

आता तिच्याच घरात, तिच्यासमोर खुर्चीत रेलून बसलेला दुसरा माणूस पाहा. युजीन रेबर्न. देखणा, सुदृढ, बॅरिस्टर. खटला मात्र एकही हाती नाही आणि त्याची खंतही नाही. जेनीची सुई चाललेली आहे आणि हा जांभया देत गप्पा मारतो आहे. त्या कादंबरीत असे धडधाकट लोक ढिगाने आहेत. शेअर बाळगणे हाच ज्यांचा गुण, एकमेकांना श्रीमंत समजून लग्न करणारे आणि मग दोघेही ठणठणपाळ निघणारे. लंडनच्या सरासरीतून कोणाला वजा करायचे, असा प्रश्न डिकन्सने कुठे विचारलेला नाही. त्याने फक्त दोघांना एका खोलीत बसवले आहे. टीकाकारांनी जेनीला विक्षिप्त, तिरसट, अतिरंजित म्हटले. ती तिरसट आहे खरी. गिऱ्हाइकांच्या लहरी आणि अपुरी मजुरी सोसणारी कारागीर गोड बोलावी तरी किती? टिमच्या गोडव्याची सवय झालेल्या वाचकाला ती बोचते, आणि मला वाटते ती तिथेच टिमहून मोठी ठरते.

आपल्या काळातले याच जातीचे चित्र पाहायचे असेल तर केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा चित्रपट पाहावा. कानच्या महोत्सवात २०१६ साली त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हॅमंडसाहेबांच्या वाक्याच्या आधी दीड वर्ष. न्यूकॅसलचा एक सुतार. हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नका, आणि सरकारचे गुणपत्रक म्हणते की तुम्ही कामाला योग्य आहात. भत्ता बंद. मग दुसरा भत्ता हवा तर काम शोधत असल्याचा पुरावा आणा. काम मिळाले तर डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे घेता येत नाही. चित्रपटात थोडा प्रचार आहे, अधिकाऱ्यांची पात्रे सपाट आहेत, आणि शेवट आधीच कळतो. तरी या सुताराचे हात मी विसरलेलो नाही. लाकडाचे मासे कोरून तो पोरांना देतो. जगातल्या कोणत्याच तक्त्यात त्याला जागा नाही.

हॅमंडसाहेबांच्या वाक्याच्या आधी अवघे सहा दिवस, ३० नोव्हेंबर २०१७ रोजी, त्यांच्याच सरकारने दहा वर्षांत आणखी दहा लाख अपंगांना कामावर आणण्याचा संकल्प प्रसिद्ध केला होता. संकल्प मुदतीआधीच, २०२२ साली, पुरा झाल्याचे जाहीर झाले. साहेब तोवर पदावरून गेले होते. पुढे करोनानंतर तिथे नवी तक्रार सुरू झाली : दीर्घ आजारामुळे काम न करणाऱ्यांची संख्या २८ लाखांवर गेली, आणि हे लोक काम करीत नाहीत म्हणून देश मागे पडतो. २०१७ साली ते कामावर येऊन सरासरी बिघडवीत होते. आता घरी बसून तिजोरी बिघडवू लागले. मार्च २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने अपंगांच्या भत्त्यांत सुमारे पाच अब्ज पौंडांची काटकसर करण्याची योजना मांडली. स्वपक्षाच्याच सभासदांनी बंड केले, आणि १ जुलैला चर्चा चालू असतानाच मुख्य कलम मागे घ्यावे लागले. ज्या भत्त्यावरून हे रण माजले तो बेकारभत्ता नाहीच. अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी तो असतो, आणि नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. कित्येकांची सकाळी कामावर नेणारी मोटार त्याच पैशांवर चालते.